उतारावरची रिकामी गाडी

कुबडीचा पहिला ठोका जिन्याच्या पायरीवर पडला आणि मोरेश्वर घोरमाडे खुर्चीतून उठले.

"थांबा! वर चढू नका. मीच खाली येतो."

पांढुर्ण्याच्या स्टेशनरोडला सायकलच्या दुकानावर त्यांची खोली होती. बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातांची पाहणी केल्यावर त्यांनी ते काम सोडलं होतं. आता ते वकिलांसाठी आणि अडलेल्या माणसांसाठी खाजगी तपास करत.

खाली दुकानाच्या बाकावर एक तिशीची बाई बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. शेजारी सौंसरचे तरुण वकील रवींद्र खवसे फाईल छातीशी धरून उभे होते.

"ह्या प्रेमलताबाई धोटे, रामाकोन्याच्या," वकील म्हणाले. "नोव्हेंबरात यांच्याच संत्र्याच्या बागेत ट्रक अंगावर आला. छिंदवाड्याच्या न्यायाधिकरणात आम्ही भरपाईचा दावा लावला आहे. पण तो बुडणार असं दिसतं."

"का?"

"ट्रक माल भरायला आला होता, अर्धा भरलाही होता. ड्रायव्हर तो उतारावर बंद करून, किल्ली खिशात घालून चहाला गेला. यांचे सासरे रघुनाथराव केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांचा हात लागून ब्रेक सुटला आणि गाडी खाली आली. ठाण्यात त्यांनी तसं बयान दिलं आहे. आता ट्रकमालकाचा वकील म्हणतो, घरच्याच माणसाची करणी, मालकाचा संबंध काय?"

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मोरेश्वरांनी प्रेमलतालाच विचारलं.

"मामाजी खोटं बोलून राहिले," ती म्हणाली. "काहून ते मले समजत नाही. पण ती गाडी रिकामी नव्हती, साहेब. जित्ती होती."

"जिवंत?"

"मी खाली पडली होती. ती माझ्या तोंडावर श्वास टाकत होती. गरम, काळा श्वास. अजूनही दुपारी घर शांत झालं का टाकते. मी पदरानं तोंड झाकून बसते."

"त्याच्या आधीचं काय आठवतं?"

"उताराले पाठ करून पेट्या भरत होती, एवढंच. डोक्याले मार होता."

वकील जरा संकोचले. "नागपूरचे डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं असे भास होतात. गाडी तर सकाळपासून बंद उभी होती. समोरचा वकील हसेल, म्हणून मी ते अर्जात घेतलंच नाही."

"घ्यायला हवं होतं," मोरेश्वर एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी अंगावर होती ती साडी कुठे आहे?"

"गाठोड्यात. फेकायची हिंमत नाही झाली." प्रेमलतानं कुबडीवर हात घट्ट केला. "मामाजी तेव्हापासून गोठ्यात राहतात. माझ्या हातचं जेवत नाहीत. मी जवळ गेली का तोंड फिरवतात. मुआवजा नाही भेटला तं नाही भेटला, साहेब. पण त्या माणसाले असं मरताना मले पाहवत नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी मोरेश्वर आणि रवींद्र रामाकोन्याला उतरले. बाग गावापासून लांब नव्हती. सडकेला लागून चहाची टपरी, टपरीच्या बाजूनं बागेत उतरणारी गाडीवाट, आणि वाटेच्या टोकाला कोरडा नाला.

बाग अर्धीच तोडली होती. उरलेली संत्री झाडांवर सुकून काळी पडली होती. तोडणीची माणसं पुन्हा यायला तयार नव्हती. गाडी आपोआप चालली, अशीच गावात बोलवा होती. ज्या जागी प्रेमलता सापडली तिथे कोणीतरी दगडाला शेंदूर फासला होता. आजूबाजूला वाळलेली लिंबं पडली होती.

ऊन चांगलं चढलं होतं, पण बागेत पाखराचा आवाज नव्हता. रवींद्र नकळत हळू बोलू लागले.

"गाडी वर टपरीजवळ उभी होती. तिथून सुटली, इथपर्यंत आली आणि थांबली."

मोरेश्वरांनी झाडाखालचं एक संत्रं उचललं आणि शेंदराच्या दगडाशेजारी जमिनीवर ठेवलं. संत्रं डुगडुगलं, घरंगळू लागलं आणि वेग घेत थेट नाल्यात गेलं.

"इथे झाड नाही, बांध नाही," ते म्हणाले. "उतार तर इथून पुढे वाढतो आहे. मग गाडी का थांबली?"

"गाडी म्हणजे संत्रं नव्हे, मोरेश्वरभाऊ. चाकात माणूस आला, अडली."

"अर्धा भरलेला ट्रक? एका बाईच्या पायानं?"

दोघं चढ चढून टपरीवर आले.

टपरीवर जयवंताबाई रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारत होती. त्या दिवसाचं नाव काढताच तिनं हात जोडून कपाळाला लावले.

"ड्रायव्हर गुणवंता इथेच होता ना?" मोरेश्वरांनी विचारलं.

"इथंच, ह्याच फळीवर. मी काही खोटं नाही सांगत जी. किंकाळी आली तेव्हा त्याच्या हातात माझा ग्लास होता. फेकून पळाला."

"किंकाळीच्या आधी काही ऐकलं?"

"सडकेवर गाड्या तं चालूच राहतात. एक गाडी घुरघुरली, मग चालाले लागली. गुणवंता तिकडं कान देऊन हासला, असा गालातल्या गालात. मी म्हनलं, काहून हासून राहिला बाप्पा? तं म्हणे, काही नाही, चहा दे."

"उठून पाहिलं नाही त्यानं?"

"काहून उठंल? मजेत बसला होता."

"आणि तोडणीची माणसं?"

"ते सारे विहिरीवर भाकरी खात होते. तिथं पाण्याचं इंजन चालू होतं. त्याच्यापाशी आपलंच बोलणं आपल्याले ऐकू येत नाही."

* * *

धोट्यांचं घर कौलारू, पुढे उंच ओटा. ओट्याला दोन दगडी पायऱ्या. पाहुणे आले म्हणून प्रेमलताचा नवरा विजय बापाला गोठ्यातून घेऊन आला. रघुनाथराव पायरीशी येऊन थांबले. त्यांचे दोन्ही गुडघे सुजून वाकलेले होते. विजयनं काखेत हात घातले आणि पोत्यासारखं उचलून त्यांना ओट्यावर बसवलं.

"गुडघ्यांचं हे कधीपासून?" मोरेश्वरांनी विचारलं.

"दोन-तीन वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. त्यानं सुनेकडे पाठ केली होती.

"त्या दिवशी तुम्ही केबिनमध्ये कसे चढलात?"

"चढलो. आपला आपण."

"कोणी हात दिला?"

"कोणीच नाही. बसलो, हात लागला, गाडी सुटली. माझ्याच हातानं झालं. लिहून घ्या."

"ब्रेकचा दांडा कुठे होता? उजवीकडे का डावीकडे?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "आता काय आठवणार? जे झालं ते झालं. मले जेलात टाका अन् तिचा पैसा तिले द्या."

विजय खांबाला टेकून उभा होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण डोळ्यांखाली काजळासारखे डाग पडलेले. सडकेवरून एक ट्रक गेला. विजयनं डोळे मिटले आणि आवाज पार विरेपर्यंत उघडले नाहीत.

"तुम्ही कुठे होता, विजयराव?"

"विहिरीकडं."

"पहिलं कोण पोचलं यांच्यापाशी?"

"हेच पोचले," प्रेमलता म्हणाली. "मले ह्यांनीच उचललं. गावातल्या एका गाडीत टाकून सौंसरच्या दवाखान्यात नेलं. मंग नागपूर."



प्रेमलतानं आतून गाठोडं आणायला सांगितलं. विजय जागचा हलला नाही. शेवटी रवींद्रच आत गेले आणि त्यांनी गाठोडं सोडलं. हिरवी सुती साडी होती ती. खालच्या काठाकडे रक्ताचे डाग वाळून तपकिरी झालेले. पण मोरेश्वरांनी वरचा भाग, पदर, उलगडायला घेतला. तो उलगडेना. हातभर कापड दोराला पीळ द्यावा तसं गच्च पिळलं गेलं होतं. त्यावर काळं वंगण होतं आणि टोक सुरीनं कापल्यासारखं तुटलेलं होतं.

"चाकात गेलं असेल," रवींद्र पुटपुटले.

"चाकाखाली पाय होता. पदर कुठे होता?" मोरेश्वरांनी साडीची घडी केली. "विजयराव, उद्या दुपारी घरीच राहा."

* * *

परतताना ते लोधीखेड्याला उतरले. ट्रकमालकाच्या आवारात ती गाडी उभीच होती. तिच्या बंपरला लिंबू-मिरच्यांचे हार बांधले होते. आता ती कोणी चालवायला मागत नव्हतं.

गुणवंता दुसऱ्या गाडीखालून बाहेर आला. चाळिशीचा, बोलका माणूस.

"किल्ली माझ्या खिशात होती, साहेब. देवाशपथ. बुढ्ढा कधी चढून बसला मले काय मालूम?"

"तुम्ही नाही चढवलं त्याला?"

"मी तं टपरीवर! जयवंताबाईले विचारा."

"विचारलं. किंकाळी ऐकून तुम्ही धावलात. पोचलात तेव्हा काय दिसलं?"

"बाई गाडीच्या पुढं पडली होती. विजयनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं."

"गाडीच्या खाली नव्हती?"

"नाही, पुढं. गाडी तिच्यापासून हातभर मागं होती."

"मागे, म्हणजे चढाच्या बाजूला?"

"हो जी," गुणवंता म्हणाला, आणि मग एकदम थांबला. त्याच्या हातातला पाना खाली पडला. त्यानंतर त्यानं कशालाच धड उत्तर दिलं नाही.

बसमध्ये रवींद्र म्हणाले, "ड्रायव्हर लपवतो आहे. पण टपरीवर होता हे तर खरं. म्हाताराही लपवतो आहे. दोघांची गाठ कुठे पडते तेच कळत नाही."

"पडते," मोरेश्वर म्हणाले, आणि खिडकीबाहेर कापसाच्या उघड्या पडलेल्या शेतांकडे पाहत राहिले. "पण सांगितल्यावर त्या बाईचं काय होईल, ते मला कळत नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चौघं बसले होते. रघुनाथराव भिंतीला टेकून, प्रेमलता खाटेवर, विजय पायरीवर. रवींद्र वही उघडून.

मोरेश्वर उभेच राहिले. "बाई, मी सांगेन ते नंतर परत घेता येणार नाही. ऐकायचं आहे?"

"त्याच्यासाठीच आली होती तुमच्याकडं."

"ठीक आहे. तुमच्या श्वासापासून सुरुवात करतो. डॉक्टर त्याला भास म्हणाले. पण ही साडी पाहा. गाडीच्या तोंडाखाली, इंजिनाला लागून एक पंखा असतो. तुम्ही खाली पडलात तेव्हा तुमचा पदर त्यात ओढला गेला. पंख्यानं त्याला पीळ दिला आणि कापून टाकला. गाडी बंद असती तर पंखा फिरला नसता. इंजिन चालू होतं. पंख्याचा गरम वारा आणि इंजिनाचा धूर तुमच्या तोंडावर येत होता. तुम्हाला भास झाला नाही. तुम्ही होतं तेच सांगितलं."

प्रेमलताचा हात तोंडाकडे गेला.

"इंजिन चालू, म्हणजे हात लागून ब्रेक सुटल्याची गोष्ट खोटी. कोणीतरी किल्ली फिरवली. पुढे पाहा. त्या जागेवर संत्रं थांबत नाही, ते सरळ नाल्यात जातं. अर्धी भरलेली गाडी मात्र थांबली. कोणीतरी ब्रेक दाबला. नंतर गुणवंता पोचला तेव्हा गाडी बाईंच्या हातभर मागे होती. चढावर, भरलेली गाडी मागे! ढकलायला तिथे कोणी नव्हतं, सगळे विहिरीवर होते. ती इंजिनानंच मागे घेतली गेली. म्हणजे स्टिअरिंगवर शेवटपर्यंत एक माणूस होता."

"पण रघुनाथराव..." रवींद्र म्हणाले.

"रघुनाथरावांना ह्या दोन पायऱ्या चढवत नाहीत. ट्रकची पायरी तर छातीइतकी उंच. कोणी चढवलं नाही असं ते म्हणतात, आणि ड्रायव्हरही तेच म्हणतो. मग ते केबिनमध्ये गेलेच नाहीत. ब्रेकचा दांडा कुठे असतो हेसुद्धा त्यांना माहीत नाही."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"आता गुणवंता. जयवंताबाईनं गाडी सुरू होताना ऐकली. तिला ती सडकेवरची वाटली. पण गुणवंता आपल्या गाडीचा आवाज ओळखत होता. आपली गाडी टपरीच्या बाजूलाच आपल्याशिवाय सुरू झाली, तर ड्रायव्हर उडी मारून उठेल. हा बसून हसला. का? तर किल्ली त्यानंच दिली होती, आणि कोणाला दिली ते त्याला माहीत होतं. शिकणाऱ्या माणसाची पहिली घुरघूर ऐकून शिकवणारा हसतो, तसा तो हसला."

मोरेश्वर पायरीकडे वळले.

"राहिला एकच प्रश्न. एक म्हातारा न केलेलं पाप कोणासाठी अंगावर घेईल? आणि विहिरीवर इंजिनापाशी किंकाळी ऐकूच येत नाही, तरी सगळ्यांच्या आधी बाईंपाशी कोण होतं?"

विजयनं चेहरा दोन्ही हातांत झाकला होता. तो तसाच बोलू लागला.

"पेट्या जड होत्या. हिले उतारावरून वर वाहून आणाव्या लागत होत्या. मी म्हनलं, गाडीच खाली नेऊ. गुणवंता हप्ताभर शिकवून राहिला होता. म्हणे, ने, हळू ने. ही पेटीमागं वाकली होती. मले फक्त पेट्या दिसल्या. मंग... मंग मी दाबला ब्रेक. उशीर झाला. गाडी मागं घेतली. किल्ली काढून गुणवंताच्या हातात दिली. तो म्हणे, लायसन नाही तुले. खरं सांगशीन तं तू जेलात, मी जेलात, अन् बायकोले दमडी नाही भेटणार."

"मी म्हनलं माझं नाव सांगा," रघुनाथराव म्हणाले. "माझं काय राहिलं आता? पण मंग मालकाचे वकील म्हणाले का घरच्याची चूक, मुआवजा नाही. अन् मले बयान बदलता येईना. बदललं तं पोरगा जाते, नाही बदललं तं सून उघड्यावर पडते. हिच्या हातची भाकर माझ्या घशाखाली कशी उतरंल?"

"आता तं दावा बुडालाच," विजय म्हणाला. "नवऱ्यानंच केलं म्हटल्यावर."

"नाही!" रवींद्र एकदम उभे राहिले. गेले दोन दिवस चाचपडणारा त्यांचा आवाज आता कोर्टातला झाला होता. "उलट आहे, विजयराव. गाडी मालकाच्या कामावर होती. मालकाच्या ड्रायव्हरनं ती शिकाऊ माणसाच्या हाती दिली आणि स्वतः चहाला गेला. ही त्याच्या कामातली हयगय. तिची जबाबदारी मालकावर येते, विमा कंपनीवर येते. नवरा चुकला म्हणून बायकोचा हक्क जात नाही. तुमच्या खोट्यानंच दावा बुडत होता. मात्र खरं सांगितलंत तर तुमच्यावर आणि गुणवंतावर फौजदारी होईल. ते मी थांबवू शकत नाही."

विजयनं हात खाली घेतले आणि बायकोकडे पाहिलं.

प्रेमलता त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"म्हंजे गाडी जित्ती होती हे तुम्हाले मालूम होतं," ती सावकाश म्हणाली. "मी रोज सांगत होती. रात्रंदिवस सांगत होती. अन् डॉक्टरनं भास म्हनलं तेव्हा तुम्ही मान हालवली. पाय गेला तो चुकीनं गेला. पण इतके महिने मले येडी ठरू दिलं तुम्ही, माझ्याच बाजूले बसून."

विजय उठला, पायरीवरच्या चपला पायात घातल्या आणि रवींद्रांना म्हणाला, "ठाण्यात चाला, वकीलसाहेब. आत्ताच. उद्यावर ठेवलं तं माझ्यानं होणार नाही."

* * *

छिंदवाड्याला सुनावणी लागली तोवर उन्हाळा आला होता. विजयनं स्वतःविरुद्ध साक्ष दिली. गुणवंतानं आधी कानावर हात ठेवले, पण मोरेश्वरांनी पंख्यानं कापलेला पदर पुढे मांडल्यावर आणि जयवंताबाईनं त्याच्या हसण्याची हकीकत सांगितल्यावर त्याचा धीर सुटला. त्यानं किल्ली दिल्याचं कबूल केलं.

मालकाच्या वकिलानं शेवटचा प्रयत्न म्हणून प्रेमलताला उलटतपासणीत विचारलं, "बाई, ज्यानं तुमचा पाय घेतला त्याच्याच घरात तुम्ही राहता. त्याच्याच हातचं पाणी पिता. म्हणजे नवऱ्याला तुम्ही माफ केलं आहे. मग माझ्या अशिलाकडून भरपाई कशाची मागता?"

रवींद्र हरकत घ्यायला उठले, पण त्याआधीच ती बोलली.

"तो दावा येगळा हाय, साहेब. तो मी अजून कुठं लावला नाही."

न्यायाधीशांनी वकिलाला खाली बसायला सांगितलं.

दावा मंजूर झाला. मालक आणि विमा कंपनी दोघांवर भरपाई बसली. विजयच्या खटल्याची तारीख पावसाळ्यानंतरची होती. तो सुटेल की नाही, हे रवींद्रांनाही सांगता येत नव्हतं.

कोर्टाच्या आवारात मोरेश्वरांनी निरोप घेतला. विजय थोडा दूर उन्हात उभा होता. जवळ यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यानं तिथूनच विचारलं, "माझ्यासंगं येतं का? का तुझ्या भावाकडं सोडून देऊ?"

प्रेमलतानं बस स्टँडकडे पाहिलं. सौंसरची गाडी लागली होती. कंडक्टर हाका मारत होता.

"घरी मामाजी एकटे हायेत," ती म्हणाली. "त्यायले संध्याकाळी वाढायचं हाय. चाला."